हिरव्या ओढणीचं टोक

१

आमच्या घरात सहल ठरत नाही, जाहीर होते.

एप्रिलमधल्या एका रविवारी सुमेध भुईगावच्या किनाऱ्यावर पक्षी बघून परत आला. मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्याने चिखलाचे बूट काढले, गळ्यातली दुर्बीण जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "संपदा, दिवाळीच्या सुट्टीत आपण ढगांच्या जंगलात चाललोय."

"आपण म्हणजे कोण?"

"तू, मी आणि रॉबर्टचा ग्रुप. खुशी राहील तुझ्या आईकडे. मी बोललोय आईंशी."

म्हणजे नालासोपाऱ्याला राहणाऱ्या माझ्या आईला माझी सहल माझ्या आधी ठाऊक होती. माझ्या हातात वरणभाताचा घास होता आणि समोर आमची चार वर्षांची खुशी तोंड उघडून बसली होती, म्हणून मी गप्प राहिले. पण पुढचा घास कालवताना बोटं जरा जास्तच जोरात फिरली असावीत, कारण खुशीने विचारलं, "आई, तू भाताला का मारतेस?"

मला राग पटकन येतो. हे सासरी-माहेरी सगळ्यांना माहीत आहे, आणि मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या मुलांना तर पाठच आहे. पण सुमेधवरचा राग निराळा. तो कधी आवाज चढवत नाही, भांडत नाही, फक्त जे करायचं ते करून टाकतो आणि मग आपण चिडलो की आपल्याकडे असं बघतो, जणू हवामान बिघडलंय.

त्यातून खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. त्याने फोनवर फोटो दाखवले. पार ईशान्येकडच्या कोपऱ्यातला एक डोंगर, वर्षभर ढगात बुडालेला. झाडांच्या खोडांवर हातभर शेवाळ. शेवटच्या गावापासून पुढे चालत जायचं. राखीव जंगल, मोजक्याच लोकांना आत सोडतात. लग्नानंतर आम्ही माथेरानपलीकडे कुठे गेलो नव्हतो. मला जावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याचाही राग आला.

२

पुढच्या रविवारी रॉबर्टकडे तयारीची बैठक होती. रॉबर्ट भुईगावचा, सुमेधचा पक्षीमित्र. त्याचं घर वाडीत, केळींच्या आड. पडवीत बसलं की बाजूला जुनी विहीर. खुशी तिच्यात डोकावायला धावली म्हणून मी तिच्यामागे गेले आणि तिला धरून दोघींनी वाकून बघितलं. खालून ओला, शेवाळाचा, गार वास वर आला. उन्हातून आल्यावर तो बरा वाटला.

रॉबर्टची बायको प्रिसिला हिने चहा आणि वाडीतली केळी सुकवून केलेली सुकेळी दिली. रॉबर्ट सांगत होता, "जळवांचे मोजे घ्या. भडक रंग नाय. डिओ नाय, पावडर नाय, वासाचा साबण नाय. आणि आता युजीनचं ऐका."

युजीन म्हणजे रॉबर्टचा चुलतभाऊ. याच गावातला, पण बऱ्याच वर्षांपासून त्या जंगलातला कॅम्प सांभाळणारा. तिथे रेंज नसते, म्हणून तो डोंगराच्या एका टोकावर येऊन आवाजी मेसेज पाठवतो. रॉबर्टने फोन टेबलावर ठेवला. आधी नुसतं पाणी ऐकू आलं. ठिबक, ठिबक, चहूबाजूंनी.

"पाऊस नाय हा," युजीनचा आवाज म्हणाला. "इथं झाडंच गळतात. तर ऐका. प्रत्येकानं अंगावरचा एक कपडा पाठवायचा. वापरलेला, न धुतलेला. लपणापाशी दोरीवर टांगून ठेवतो मी. त्यांना तुमची सवय होऊ दे. एकदा सवय झाली की ते आपणहून जवळ येतात."

लपण म्हणजे झाडपाल्याने झाकलेलं खोपटं, आत बसून जनावरं बघायची. तेवढं मला माहीत होतं.

"ते म्हणजे कोण?" मी विचारलं. "आपण बघायला काय चाललोय नक्की?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मी वर्गात उशिरा आलेली विद्यार्थिनी. रॉबर्ट हसला. "तेच तर ना वहिनी. पुस्तकात नाय ते अजून. युजीन बोलतो, माकडासारखं काहीतरी. पन माकड नाय."

"मग फोटो?"

"फोटोत येत नाय नीट. ढग असतो ना."

परत येताना स्कूटरवर मी सुमेधच्या कानात ओरडत होते. "घामट कपडे? परक्या बाप्याला? माझा कुर्ता मी पोस्टाने जंगलात पाठवू?"

"अगं, शास्त्र आहे ते. गंधाची सवय लावतात."

"मग तुझी बनियन पाठव. दोन पाठव! एक माझ्या नावाने टांग."

माझी आई अंगावरचा कपडा तसाच कुणाच्या हाती देत नाही. बोहारणीला द्यायचा तरी धुऊन, उन्हात घालून देते. तिन्हीसांज झाली की खुशीचे कपडे दोरीवरून आत घेते, ओले असले तरी. मी यावरून तिची कायम चेष्टा केली आहे. पण त्या दिवशी तिचं म्हणणं मला अगदी सोयीचं वाटलं. माझा कपडा जाणार नाही, म्हणजे नाही. सुमेध काही बोलला नाही, आणि तो गप्प बसला याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

३

खुशीच्या मऊबद्दल सांगते.

माझी कॉलेजातली एक ओढणी होती, हिरवी, बांधणीची. धुऊन धुऊन विरलेली. खुशी तान्ही असताना मी तिच्यावर ती पांघरायचे. पुढे ती तिने ताब्यात घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'मऊ'. झोपताना मऊ हवी. एक टोक मुठीत धरायचं, अंगठा आत घालून. दुसरं टोक तोंडात. मग चुट, चुट, चुट, असा आवाज येत राहायचा आणि तो थांबला की समजायचं, बाई झोपल्या. मऊ धुवायची म्हणजे लढाई. ती झोपल्यावर चोरून धुवावी लागे, आणि जागी झाली की वास बदलला म्हणून भोकाड.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. एका दुपारी मऊ सापडेना. मी पलंगाखाली वाकले, वॉशिंग मशीनमध्ये डोकं घातलं, बोहारणीसाठी बांधलेलं गाठोडं सोडलं. खुशी रडून रडून उचक्यांवर आली आणि तशीच, माझा पदर धरून, फरशीवर झोपली.

संध्याकाळी सुमेध ऑफिसातून आला. त्याने बूट काढले, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ती हिरवी का? ती पाठवली."

"कुठे?"

"युजीनला. तुझं काहीतरी लागणारच होतं ना. नाहीतर तुला लपणात बसू देणार नव्हते. दारामागे लटकत होती. तुझीच तर आहे."

माझ्या हातात डाव होता, तो मी ओट्यावर आपटला. आमटी भिंतीवर उडाली. "माझी? माझ्या लग्नाआधीची म्हणून माझी? चार वर्षं ती तिच्या तोंडात आहे, सुमेध! तिचा घाम, तिची लाळ, तिची झोप आहे त्यात. ती तिची आहे. माझा वास कुठून यायचा त्याला? तू तिचं अंगावरचं उचलून त्या डोंगरात पाठवलंस!"

"हळू बोल. कपडा आहे साधा. तिला दुसरी दे, घरात कपाटभर ओढण्या आहेत."

मी दुसरी दिली. तिसरीही दिली. खुशीने त्या हुंगल्या आणि बाजूला ठेवल्या. बापलेकीत तिलाच जास्त अक्कल होती.

४

पहिला फोटो आठवड्याभरात आला. सुमेधने मोठ्या कौतुकाने मला दाखवला, जणू त्याने मला सोन्याच्या बांगड्या केल्या होत्या.

सगळं करडं. ढगात दोन शेवाळलेली खोडं, मध्ये दोरी. दोरीवर ग्रुपचे कपडे. सुमेधचा निळा टीशर्ट, रॉबर्टची बनियन, आणखी कुणाकुणाचं काहीबाही. सगळे सरळ खाली लोंबत होते, ओले, जड. आणि टोकाला आमची हिरवी.

ती लोंबत नव्हती. तिचं एक टोक दोरीला होतं आणि दुसरं तिरकं, ताठ, फोटोच्या चौकटीबाहेर गेलं होतं.

"वारा असेल," सुमेध म्हणाला.

"वारा काय एकट्या ओढणीला लागतो? तुझा शर्ट बघ, ढिम्म आहे."

"हलकी आहे ना ती."

मी फोटो मोठा करून बघितला. कडेला ढगाशिवाय काही नव्हतं. सुमेधचं म्हणणं पटण्यासारखं होतं. ओली सुती ओढणी अशी ताठ होईल का, हा प्रश्न मी मनातच ठेवला, कारण विचारला असता तर त्याने पुन्हा माझ्याकडे तसं बघितलं असतं.

मग युजीनचा मेसेज. ठिबक, ठिबक, आणि त्याचा आवाज. "सुमेध, वहिनींना सांग, त्यांची हिरवी लय आवडलीय त्यांना. बाकीच्या कपड्यांना हुंगतपन नाय. तिच्याखाली बसून राहतात नुसते. दिवसासुद्धा. मी एवढ्या वर्षात असं नाय बघितलं." तो जरा थांबला. "आणि ते लहानगं पन येतंय ना बरोबर?"

मी सुमेधकडे बघितलं. "खुशीचं तू सांगितलंस त्याला?"

"नाही."

"शपथ घे."

"रॉबर्टने सांगितलं असेल, संपदा! प्रत्येक गोष्टीत काय शोधत असतेस?"

मी लगेच रॉबर्टला फोन लावला. तो म्हणाला, "नाय वहिनी. पोरं अलाउडच नाय तिकडे, मी कशाला बोलू?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी युजीनचा नंबर फिरवत बसले. दुपारी कधीतरी लागला. घरात पंखा गरम वारा फेकत होता, खाली टँकरवाल्याशी कुणीतरी कडाकडा भांडत होतं आणि माझ्या कानात मात्र ते पाणी ठिबकायला लागलं.

"मी संपदा बोलतेय. सुमेधची बायको. ती हिरवी ओढणी माझ्या मुलीची आहे. चुकून आली. आजच्या आज काढा आणि परत पाठवा."

"हां वहिनी." त्याचा आवाज मेसेजमधल्यापेक्षा बारीक होता. "कालच काढायला गेलतो मी."

"मग?"

"सोडत नाय."

"कोण सोडत नाही?"

फोन कट झाला असं मला वाटलं, पण ठिबकणं चालू होतं. आणि मग त्या ठिबकण्यातून वेगळा असा एक आवाज मी ऐकला. चुट, चुट, चुट. जरा थांबून पुन्हा चुट, चुट.

मी तो आवाज चार वर्षं ऐकला आहे. अर्धवट झोपेत, ताप आलेला असताना, कुशीत, खांद्यावर. मी मागे वळून बघितलं. खुशी बाहेरच्या खोलीत रंगीत खडूंनी मासा काढत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.

"युजीन, तुमच्याजवळ कोण आहे?"

"वहिनी, मी एकटाच आहे," तो म्हणाला. घाईत म्हणाला. "पाठवतो मी. जेवढी सुटेल तेवढी पाठवतो."

फोन बंद झाल्यावर मी बराच वेळ तसाच कानाला धरून होते. पत्र्यावर पाणी पडलं तर तसा आवाज येतो. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर येतो. एवढ्या लांबच्या फोनवर कशाचाही कसलाही आवाज होतो. हे सगळं मी स्वतःला नीट, वर्गात समजावून सांगते तसं सांगितलं. मला वाटतं, तेव्हा भीतीपेक्षा राग जास्त होता. माझ्या पोरीचा कपडा, आणि मला तो मागून घ्यावा लागत होता.

६

त्यानंतर खुशीने मऊ मागणं सोडलं.

आधी मला हायसं वाटलं. दुपारी जेवली की ती आपणहून पलंगावर चढायची, कुशीवर वळायची आणि झोपायची. मी शेजारणींना कौतुकाने सांगितलंसुद्धा, सुटली बाई सवय. मग एका दुपारी तिच्या अंगावर चादर घालताना तिचा हात दिसला. मूठ घट्ट मिटलेली, अंगठा आत. मूठ गादीवर टेकलेली नव्हती. वीतभर वर होती, मनगट ताणलेलं, जसं कुणी पलीकडून काही धरलंय. झोपलेल्या मुलाचा हात असा हवेत राहत नाही.

मी तो खाली दाबला. तो पुन्हा वर आला.

मी मूठ उघडायला गेले. बोटं निघेनात. ओलसर लागली. मी वाकून वास घेतला. मे महिन्यातली टळटळीत दुपार, नळाला सकाळपासून पाणी नाही, आणि माझ्या मुलीच्या मुठीला रॉबर्टच्या विहिरीसारखा वास येत होता. ओला, शेवाळाचा, गार.

ती उठल्यावर मी शक्य तितक्या सहज विचारलं, "खुशी, झोपेत तू हातात काय धरतेस?"

"मऊ."

"मऊ नाहीये ना आता आपल्याकडे."

"आहे की," ती म्हणाली. दुधाची मिशी तशीच होती तोंडावर. "एक टोक माझ्याकडे आहे. एक टोक त्यांच्याकडे आहे. ते पण झोपताना धरतात."

"ते कोण?"

खुशीने माझ्याकडे बघितलं. आपल्या आईला एवढंही कळत नाही, असं ते बघणं होतं. मग ती मासा रंगवायला गेली.

त्या संध्याकाळी मी सुमेधला दारातच धरलं. सहल रद्द. मी जाणार नाही आणि तूही जाणार नाहीस. तो म्हणाला, मूल बोलतं तसं तू काय बोलतेस, तू शिक्षिका आहेस. मी म्हटलं, मी आई आहे, आणि तू बाप आहेस हे तुला त्या दुर्बिणीतून दिसत नसेल तर फेकून दे ती. तो म्हणाला, तिकिटं काढलीत. मी दुर्बीण उचलली आणि गॅलरीच्या कठड्याबाहेर धरली. पहिल्यांदाच मला तो घाबरलेला दिसला. जंगलाला नव्हे, मला.

"बरं," तो म्हणाला. "सांगतो मी रॉबर्टला."

७

पार्सल आलं तेव्हा आम्ही तिघेही घरी होतो. प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, आणि आत आमची हिरवी, घडी घातलेली. युजीनने शब्द पाळला होता. जेवढी सुटली तेवढी पाठवली होती.

एक टोक नव्हतं. तेच, खुशी जे चोखायची. फाटलेलं नव्हतं, कापलेलं नव्हतं. दोरे लांब, ओले, एकमेकांना चिकटलेले, चघळून चघळून विरघळवल्यासारखे.

सुमेधने ते बोटांत धरून उलटसुलट केलं. "कुरिअरच्या गोदामात उंदीर असतात," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

मी ओढणी बादलीत घातली, दुप्पट पावडर टाकली, ब्रशने घासली आणि गॅलरीत दोरीवर टाकली. आमची गॅलरी जीवदानीच्या डोंगराकडे तोंड करून आहे, दुपारभर ऊन ओतत असतं. शेजारी सुमेधची जीन्स होती. जीन्स वाळून कडक झाली. ओढणीतून पाणी ठिबकत होतं. मी पिळली, पुन्हा टाकली. संध्याकाळी खाली फरशीवर डबकं होतं. मी आईसारखीच ती तिन्हीसांजेच्या आत घरात आणली आणि ठरवलं, उद्या गच्चीवर नेऊन जाळायची.

पण खुशीने ती बघितली. रडली नाही, नाचली नाही. जवळ आली, धड असलेलं टोक मुठीत घेतलं, अंगठा आत घातला, आणि म्हणाली, "आली."

मी ओढून बघितली. सुमेधने समजावलं, चॉकलेट दाखवलं. तिची मूठ उघडली नाही. जेवताना नाही, आंघोळीला नाही. एका क्षणी मी कात्री आणली आणि मुठीजवळून ओढणी कापायला गेले, तर खुशी अशी किंचाळली, की बोट कापलं असं वाटून मी कात्री टाकली आणि तिचा हात चाचपला. बोटं धड होती.

कपडा घरी आलाय, मी मनाला सांगितलं. आता काय व्हायचंय. विषय संपला.

८

रविवारी सुमेध भुईगावला गेला, रॉबर्टला समोरासमोर सांगायला. जेवणं झाली होती. खुशी आतल्या खोलीत झोपली होती. मी स्वयंपाकघरात कैरीच्या फोडींना मीठ लावत होते. खिडकीतून ऊन थेट ओट्यावर येत होतं, परातीला हात लावला तर चटका बसेल असं.

फोन वाजला. सुमेधने युजीनचा मेसेज पुढे पाठवला होता, खाली लिहिलं होतं, 'बघ, संपलं. आता तरी शांत हो.' मी मिठाच्या बोटाने तो चालू केला.

या वेळी ठिबकणं नव्हतं. नुसता युजीनचा आवाज, कोरडा. "सुमेध, लपणापाशी कोनी येत नाय आता. दोरी रिकामी, खालची जागा पन रिकामी. सगळीकडे फिरून आलो. एवढी सवय झालती, आणि गेले कुठे काय कळत नाय."

मी फोन खाली ठेवला. आणि घरात चुट, चुट, चुट असा आवाज ऐकला.

मी धावले. खुशी पलंगावर कुशीवर झोपलेली. तोंड मिटलेलं. आवाज तिच्या तोंडातून येत नव्हता. गॅलरीच्या बाजूने येत होता.

ओढणीचं एक टोक तिच्या मुठीत होतं. बाकीची ओढणी गादीवर नव्हती. ती तिच्या मुठीपासून तिरकी वर गेली होती, ताठ, फोटोतल्यासारखीच, थेट गॅलरीच्या सरकत्या काचेपर्यंत. वारा यावा म्हणून मी काच दोन बोटं उघडी ठेवली होती. त्या फटीतून ती बाहेर गेली होती. काचेपलीकडे जीवदानीचा डोंगर नव्हता. समोरची बिल्डिंग नव्हती. पांढरं, करडं, आणि काचेवरून ओघळणारं पाणी. मागे स्वयंपाकघरात ऊन तसंच होतं, त्याची तिरीप माझ्या पाठीवर लागत होती.

ओढणीला हिसका बसला. खुशी चादरीसकट वीतभर सरकली.

मला भीती वाटली असेल. आठवत नाही. मला आठवतो तो राग. आयुष्यात इतका राग मला कधी आला नव्हता, सुमेधचा नाही, कुणाचाच नाही. मी ओढणी दोन्ही हातांनी धरली, मनगटाला वेढा दिला, पाय पलंगाच्या कडेला लावला आणि ओरडले, "सोड! माझी पोर आहे ती! सोड म्हणते ना!" आणि मागे ओढलं. पलीकडून ओढलं गेलं. मी पुन्हा ओढलं. मनगटाची कातडी सोलली. बांगडी फुटली.

आणि ओढणी ढिली पडली.

मी हसले, मला आठवतंय. मोठ्याने हसले. जिंकले म्हणून मी भराभर ओढत सुटले, वेढ्यावर वेढा. गादीवर हिरव्या कापडाचा ढीग व्हायला लागला. कितीतरी मोठा. एवढी लांब ती ओढणी कधीच नव्हती.

मग मी बघितलं, की फटीतून आत येणाऱ्या कापडावर ओले डाग आहेत. हिरव्यावर गडद हिरवे. एक, मग त्याच्या पुढे दुसरा, मग पुढे तिसरा. दोरी धरून वर चढणारा जसा हातापुढे हात टाकतो, तसे. माझ्यासमोर एक नवा डाग उमटला, अलीकडे. ओढणी सोडली नव्हती कुणी. आता पलीकडून कुणी ओढत नव्हतं, कारण ओढायची गरज नव्हती. मीच आणत होते.

मी थांबले. ओढणी लगेच ताठ झाली आणि खुशी पुन्हा सरकली, गादीच्या काठापर्यंत. मी तिची मूठ उघडायचा प्रयत्न केला, दातांनीसुद्धा. नाही उघडली. सोडलं तर ती जाणार. ओढलं तर ते येणार.

काचेच्या कडेवर, फटीच्या आतल्या अंगाला, काहीतरी टेकलं. करड्या केसांचं, ओलं, लहान. मूठ होती ती. अंगठा आत घातलेला.

खुशी झोपेतच म्हणाली, "आई, ओढ ना. सवय आहे त्यांना आपली."

मी पलंगावर चढले, तिला पोटाशी घेतलं आणि तिच्या आणि काचेच्या मध्ये बसले. मनगटातून रक्त येत होतं. चुट, चुट आता अगदी जवळून येत होतं.

"या," मी म्हटलं. "आम्हाला तुम्हाला बघायचंच होतं."

आणि दातओठ खात मी पुढचा वेढा ओढला.